जुन्या स्टील फ्रेमवर रोड बाइक बांधताना

रंगावर भाळू नका. हेड ट्यूबच्या (हँडल जिच्यात बसतं ती पुढची छोटी नळी) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) पोटावरून बोट फिरवा. उंचवटा लागला किंवा रंगाला बारीक आडवी चीर दिसली, तर समोरून धडक बसलेली असणार. फ्रेम सोडून द्या. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलवून बघा. ग्रीसविना राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट फ्रेमला असा घट्ट धरतो की काढताना फ्रेमच जाते.

मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं) अंतर १२६ मिमी असेल, तर १३० मिमीच्या चाकासाठी दोन्ही बाजू २-२ मिमी फाकवता येतात. स्टील हे सोसतं, अ‍ॅल्युमिनियम नाही. मग ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा. सीट ट्यूबपासून (सीटपोस्ट बसतो ती नळी) दोन्हीकडे दोऱ्याचं अंतर सारखं हवं. हँगरही (मागचे गिअर बदलणारा डिरेलर लटकतो तो कान) सरळ करून घ्या, नाहीतर गिअर उड्या मारतात.

इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचा आस फिरतो तो बेअरिंगचा भाग) चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. इथे चुकीच्या दिशेने जोर लावला की आटे मरतात.

कसारा घाट चढून नाशिकला यायचं तर पुढे ५०-३४, मागे ११-३२ दातांची चक्रं घ्या. मात्र त्याला लांब केजचा (चेन ताणून धरणारा हात लांब असलेला) डिरेलर लागतो.

आणि पावसाळ्याआधी, फ्रेम मोकळी असतानाच, नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारा. स्टील आतून सडतं.