हातमोज्याच्या आत

व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते आणि कोणी विचारलं तर लपवतही नाही. त्यातला ड्यूक उंच, तुसडा आणि मनातून दुखावलेला. नायिका दिवसा भरतकाम करते आणि रात्री खिडकीतून उतरून नसते उद्योग करते. मग एका नाचाच्या रात्री तो तिचा हातमोजा एकेक बोट सोडवत काढतो. आतला हात अर्थातच लोण्यासारखा! रोज भिंती चढणाऱ्या बाईच्या तळव्याला एकही घट्टा कसा पडत नाही, एवढं मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

अशा वेळी मला हॅना कलविक आठवते. ती कादंबरीतली नाही, खरी. १८३३ साली श्रॉपशरमधल्या शिफनलला जन्मली, लहानपणीच कामाला लागली. चुली घासणं, पायऱ्या धुणं, बूट पुसणं, धुराडी झाडणं. १८५४ साली लंडनच्या रस्त्यात तिला आर्थर मन्बी भेटला. यॉर्कच्या सुखवस्तू घरातला, वकिली शिकलेला, कविता करणारा. उमराव नव्हता, पण राखेत हात घालून बसलेल्या मुलीच्या जागेवरून बघितलं तर ड्यूक काय आणि हा काय, सारखेच.

या गृहस्थाला नाजूक हातांचं कौतुकच नव्हतं. त्याला कष्टाचे, लाल, राठ हात आवडत. विगनच्या कोळसा खाणींवर राबणाऱ्या बायका बघायला तो मुद्दाम जाई, त्यांचे फोटो जमवी. हॅना गळ्यात कुलूप लावलेली साखळी घाली आणि किल्ली त्याच्याकडे असे. इथे मी अडखळते. हे प्रेम की मालकी? तिच्या रोजनिशा वाचल्या तर ती स्वतः याला प्रेमच म्हणते, आणि तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं म्हणायचा धीर होत नाही. तरी ती किल्ली मला खुपतेच.

१४ जानेवारी १८७३ रोजी दोघांनी गुपचूप लग्न केलं. हॅनाला त्या कागदाचं फारसं अप्रूप नव्हतं. आपल्या प्रेमाशी त्याचा संबंधच काय, असं तिला वाटे. लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या वस्तीतल्या त्याच्या बिऱ्हाडात ती राहिली ती मोलकरीण म्हणूनच. पाहुणे आले की वाढायला बायकोच, पण पाहुण्यांना पत्ता नाही! परदेशी फिरायला जाताना मात्र ती टोपी, जाळी, हातमोजे चढवून मॅडम होई. सोंग छान वठे, पण तिचा जीव त्यात रमत नसे. अंगावर साधे मळके कपडे असले आणि आपण ‘कोणीच नाही’ असं दिसलं, की कुठेही जाता येतं, कोणी वळून बघत नाही, असं तिने लिहून ठेवलंय.

कादंबरीतल्या नायिकेला खिडकी लागते ती ती उमरावाघरची म्हणून. हॅना बादली घेऊन मागच्या दाराने निघे, तीही भरदिवसा. कथेतला ड्यूक शेवटी नायिकेला डचेस करतो, तिथे आपण पुस्तक मिटून उसासा टाकतो. मन्बीलाही हॅनाची मॅडम करायची हौस होती. ती बधली नाही. १८७७ मध्ये ती श्रॉपशरला परतली. तो तिकडे भेटायला जात राहिला.

ती १९०९ मध्ये गेली, तो १९१० मध्ये. त्याच्या मृत्युपत्राने लग्नाचं गुपित फोडलं आणि वर्तमानपत्रांची चंगळ झाली. रोजनिशा, पत्रं, फोटो मात्र त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे दिले होते, १९५० पर्यंत उघडायचे नाहीत या अटीवर. कॉलेजने ती अट पाळली म्हणे. माझ्या ताब्यात तो ऐवज असता, तर पहिल्याच रात्री सगळ्या रोजनिशा वाचून झाल्या असत्या.