सुटलो ९३, पोचलो १८

ट्रेलर जोडून केलेल्या दुसऱ्या मोठ्या सफरीची ही नोंद. आधीच्या सफरींचे आकडे दोन वेगळ्या वह्यांत आणि एका पेट्रोलपंपाच्या पावतीमागे होते. तेही इथेच उतरवतो.

गाडी फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, म्हणजे विजेवर चालणारा पिकअप ट्रक, मोठ्या बॅटरीचा, वापरता येणारे १३१ युनिट. किलोवॅट-अवर म्हणायचा मला कंटाळा येतो. घरच्या वीजबिलावर जे युनिट असतं तेच हे. मागे अंड्याच्या आकाराचा १६ फुटी फायबरग्लासचा, राहायचा ट्रेलर, सामानासकट साधारण १,३०० किलो. घर डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवूडला, म्हणजे आय-७० महामार्गाला लागलो की थोड्याच वेळात रॉकीजचा चढ सुरू. माणसं चार: मी, बायको आणि दोन मुलं. मुलांना उगाच मोजलेलं नाही, ती हिशेबात पुढे येतातच.

अगदी पहिली सफर ट्रेलरशिवाय, युटामधल्या मोआबपर्यंत. तेव्हा डोक्यात एकच आकडा होता, भरलेल्या बॅटरीत ३२० मैल. हा सरकारी चाचणीतला आकडा. १३१ ने भागला तर युनिटला जवळपास २.४ मैल पडतात. ताशी ७५ मैलांनी हाकली तर मला जेमतेम २ पडतात. म्हणजे घरातून निघतानाच ६० मैल वजा. नंतर ट्रेलर आला आणि सपाटीवर ६० ते ६२ च्या वेगाने १.४ वर आलो. भरलेल्या बॅटरीत १८० मैल, तेही शून्यापर्यंत ताणले तर. त्या दिवसापासून रेंज हा शब्द मी घरात बोलत नाही. हिशेब युनिटचा, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

चढाचा हिशेब मात्र सोपा निघाला. शाळेतलं वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, बस्स. ट्रक, ट्रेलर, माणसं आणि पाणी मिळून ४,८०० किलोच्या आसपास. हे ओझं १,००० फूट वर न्यायला ४ युनिट लागतात, वाटेतली गळती धरून साडेचार. नुसत्या ट्रकला सव्वातीन. हे मैलांच्या खर्चाच्या वर, वेगळे. उतारावर ब्रेकमधून परत मिळतं, पण माझ्या नोंदींत साठ टक्क्यांच्या वर कधी धरत नाही.

आता आय-७०वर हे लावून बघा. लेकवूड साडेपाच हजार फुटांवर, आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, अंतर ५२ मैल. म्हणजे खंडाळ्याचे तीन घाट एकावर एक रचल्यासारखं, आणि शेवटचा चढ ६-७ टक्क्यांचा. मैलांचे ३७ युनिट, चढाचे २५. बोगद्याशी पोचेपर्यंत १०० चे ५३ टक्के झालेले असतात. पहिल्यांदा बायकोने तो आकडा पाहिला आणि म्हणाली, "अरे, आत्ता तर नाश्ता झाला!" बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत ८-९ मैलांत खर्च तर नाहीच, वर एखादा टक्का जमा होतो. तिथून ग्लेनवूड स्प्रिंग्ज ९१ मैल, मध्ये व्हेल पासचा १०,६६२ फुटांचा चढ, मग लांबलचक उतार. कागदावर ग्लेनवूडला ७ टक्के उरतात. ७ वर मी जात नाही. म्हणून सिल्व्हरथॉर्नला १५ मिनिटं, ७५ टक्के करून पुढे. हा थांबा आता पक्का.

पंधराच मिनिटं का, तर बॅटरी भरण्याचा वेग सारखा नसतो. फोर्डच्या माहितीपत्रकात १५ ते ८० टक्क्यांना ४१ मिनिटं लिहिली आहेत आणि मला साधारण तेवढीच लागतात. ८० नंतर ट्रक मुंगीच्या पावलाने भरतो. शेवटच्या २० टक्क्यांना तेवढाच वेळ जाऊ शकतो. त्यामुळे दोन छोटे थांबे एका मोठ्यापेक्षा बरे. याला अपवाद एकच, पुढे काहीच नसेल तेव्हा. त्याबद्दल खाली.

ट्रेलरची पहिली सफर मे महिन्यातली. तीत शेंडी तुटायची वेळ आली होती, तेव्हा ती सविस्तर.

ग्रँड जंक्शनहून युटामधलं ग्रीन रिव्हर १०० मैल. किंचित उतारच. ८० टक्क्यांवर सुटलो, २५ वर पोचू असा हिशेब. फ्रूटा मागे पडलं की फारसं काही लागत नाही: मोकळं वाळवंट, सिस्कोसारखं ओसाड पडलेलं गाव, थॉम्पसन स्प्रिंग्जची चार घरं. राज्याची हद्द ओलांडली आणि समोरून वारा सुरू झाला. ट्रेलर ढकलला जात नव्हता, गाडी हलत नव्हती, म्हणून मला कळलंच नाही. कळलं ते आकड्यावरून. १.४ चा १.२ झाला, मग १.०५.

समोरून २० चा वारा आणि आपण ६५ ने, म्हणजे हवेच्या लेखी आपण ८५ ने चाललोय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तो १.७ पट होतो. मागे अंड्याच्या आकाराची खोली ओढत असताना हा फरक थेट बॅटरीतून जातो. वेग ५२ वर आणला, एका मालट्रकच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून राहिलो, एसी बंद. मुलांनी खिडक्या उघडल्या, मी ओरडलो, त्यांनी बंद केल्या. ग्रीन रिव्हरला ७ टक्क्यांवर पोचलो. तिथल्या चार्जिंगच्या चार यंत्रांपैकी एकाचा पडदा काळा, एक कार्ड घेईना, दोन व्यापलेली. कंपनीचं नाव घेत नाही, त्या रात्री पुरेसं घेऊन झालं होतं. ४० मिनिटांनी नंबर लागला.

त्या संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की मी उगाच पुढे रेटत राहिलो. समोरून वारा असेल तर मागे वळल्यावर तोच पाठीशी येतो. अर्ध्या वाटेवर मला पुढे युनिटला १.०५ मैल पडत होते, मागे वळलो असतो तर पावणेदोनच्या आसपास पडले असते. म्हणजे परत फिरण्याची वेळ आपल्याला वाटते त्याच्या बरीच नंतर येते, आणि तोवर घाबरायचं कारण नसतं. आता प्रत्येक टप्प्याच्या कागदावर एक मैलाचा दगड लिहून ठेवतो: इथे अमुक टक्क्यांहून कमी दिसले तर वळायचं. या टप्प्यावर तो थॉम्पसन स्प्रिंग्जच्या अलीकडे आहे. निघण्याच्या सकाळी वाऱ्याचा अंदाज बघतो, पावसाच्याही आधी. शक्य असेल तर वाळवंटाचा टप्पा पहाटे उरकतो, दुपारनंतर वारा चढतो.

ॲपचं म्हणाल तर ए बेटर रूटप्लॅनर आणि प्लगशेअर, दोन्ही ठेवतो. पहिल्यात आपला खर्चाचा आकडा स्वतः भरता येतो, तो भरा, नाहीतर ते आपलं आशावादी गणित मांडत बसतं. दुसऱ्यात लोकांनी टाकलेले फोटो बघतो. टक्क्यांसाठी नव्हे, जागेसाठी. ट्रेलर घेऊन उभं कुठे राहायचं हा अर्धा प्रश्न आहे आणि तो कुठलंच ॲप सोडवत नाही.

२०२४ च्या २९ फेब्रुवारीला टेस्लाचे सुपरचार्जर फोर्डच्या गाड्यांना खुले झाले. सगळे नव्हेत, जुन्या पिढीचे अजून बंदच. ॲडॉप्टर लावून चालतात. अडचण अशी की टेस्लाचं चार्जिंगचं तोंड डाव्या बाजूला मागे असतं, लाइटनिंगचं डाव्या बाजूला पुढे. त्यांची केबल आखूड, त्यांच्या गाडीच्या मापाची. मग ट्रकचं नाक आत घालून शेजारच्या खांबाची केबल ओढावी लागते आणि एका गाडीपायी दोन जागा अडतात. गर्दीत हे करू नका, केलंत तर गाडीतच बसून राहा. टोकाची जागा मिळाली तर ती घ्या. ट्रेलरसकट तर नाक आत घालायचा प्रश्नच नाही, शेपूट रस्त्यात येतं.

म्हणजे ट्रेलर सोडा. चाकांखाली ठोकळे लाव, सात पिनांचा प्लग काढ, साखळ्या सोड, तुटल्यास ब्रेक लागणारी बारीक तार काढ, जॅकचं हँडल फिरवत बस. हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायचा, गोळा सुटतो तेव्हा ट्रक जेमतेम बोटभर वर उचलला जातो, तेवढा एकच समाधानाचा क्षण. सोडायला १० मिनिटं, जोडायला २०, कारण गोळा बरोबर खाचेखाली यायला हवा. बायको मागे उभी राहून हात करते: "ये, ये, अजून, थोडं डावीकडे, माझ्या डावीकडे, अरे थांब!" ट्रकला मागचा कॅमेरा आहे, पण तिच्यासमोर कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायची माझी हिंमत नाही. एका थांब्याला ही ३० मिनिटं धरली की १५ मिनिटांच्या थांब्याचं सगळं कौतुक संपतं. म्हणून आता आरपार जाता येईल अशी जागा मिळत असेल तर १० मैल वाकडी वाट करतो.

याहून चांगला उपाय मुक्कामाचा. कॅम्पग्राउंडमध्ये मोठ्या मोटरहोमसाठी ५० अँपचं सॉकेट असतं. फोर्डचा सोबत नेता येणारा चार्जर त्यावर ३० अँप घेतो, २४० व्होल्टवर ७.२ किलोवॅट. रात्री नऊ ते सकाळी सात लावून ठेवला तर गळती वजा जाता ६५ युनिट, म्हणजे अर्धी बॅटरी, झोपेत. फ्रूटाच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये अशा जागा आहेत. आरक्षण करताना गाडी चार्ज केलेली चालेल का हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी थोडे जास्त पैसे मागतात, आणि न विचारता लावली तर त्यांचं वैतागणं रास्तच. ट्रेलर सोडायचा नाही, रांग नाही, आणि सकाळी चार्जरशेजारच्या सुपरमार्केटात मुलांना घेऊन भटकायचं नाही.

थंडीचं एवढंच: जानेवारीत ट्रेलरशिवाय ग्लेनवूडला गेलो तर १.५ पडले. ट्रेलर हिवाळ्यात घराबाहेर काढतच नाही, त्यामुळे पुढचं मला विचारू नका.

आता यंदाची सफर. ठिकाण ब्राइस आणि झायन ही राष्ट्रीय उद्यानं, म्हणजे ग्रीन रिव्हरच्या पुढे आय-७०वरूनच सलायना आणि रिचफील्ड. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना ती पाटी आठवत असेल: पुढे १०० हून जास्त मैल कुठलीही सोय नाही. पंप नाही, दुकान नाही, गाव नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरचा हा सर्वांत लांब निर्जन पट्टा. सॅन राफाएल स्वेल नावाच्या उचललेल्या खडकातून हा रस्ता १९७० मध्ये खुला झाला. त्याआधी तिथे धड रस्ताच नव्हता, तर गाव कुठून येणार?

कागद असा झाला. ग्रीन रिव्हर ४,०७५ फूट. तिथून घोस्ट रॉक या दृश्य बघायच्या थांब्यापर्यंत मोठा चढ, मग थोडं खाली, मग पुन्हा वर ७,९०० फुटांच्या आसपास, तिथून सलायनापर्यंत उतार. एकूण चढ ४,८०० फूट धरला, २१ युनिट. उताराचे परत ९. सलायना १०५ मैल, पुढे रिचफील्ड अजून २०. ५८ च्या वर जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा १.५ धरले. बेरीज ९५ युनिटपर्यंत, ७३ टक्के. ९३ वर सुटलं तर २० उरतात. त्यातून वाऱ्याची भीती म्हणून ५ वजा, १५ वर पोचू असं कागदावर लिहिलं. वळायची जागा: घोस्ट रॉकला ६० हून कमी दिसले तर मागे. तिथून ग्रीन रिव्हर बहुतेक उतारच, खर्च बराच कमी.

हाच तो ८० च्या पुढे भरण्याचा अपवाद. ग्रीन रिव्हरला ८० ते ९३ ला २५ मिनिटं गेली. तेवढ्यात मुलांनी रस्त्याकडेच्या टपरीवरचं कलिंगड संपवलं, त्या गावची कलिंगडं प्रसिद्ध आहेत. इथे मुलांचा हिशेब येतो. बॅटरी दोन तास टिकते, धाकटा सव्वा तास. कलिंगडानंतर पाऊण. पट्ट्यात शौचालयं आहेत, दृश्य बघायच्या थांब्यांवर, पण पाणी नाही. ती आता कागदावर टक्क्यांच्याच रकान्यात लिहिलेली असतात. ही सूचना बायकोची, आणि माझ्या सगळ्या गणितांपेक्षा तिचा उपयोग जास्त झालाय.

निघालो सकाळी साडेसातला, वारा नव्हता. पहिल्या चढावर आकडा ०.८ झाला, तो होणारच होता. तरी पोटात गोळा आलाच. घोस्ट रॉकला ६६. उतरलो, धाकट्याला नेऊन आणलं. ट्रकच्या मागच्या सॉकेटवर इंडक्शन लावून चहा टाकला. "चहा केला तर पोचू ना?" बायकोने विचारलं. आलं ठेचता ठेचता मी तिला सांगितलं की चौघांच्या चहाला युनिटचा दहावा हिस्सा लागतो, फार तर दुप्पट. तिने दूध उतू जाऊ दिलं नाही, एवढं मात्र खरं.

माथ्यावर ३४. सलायनाला ३०. रिचफील्डला १८. कागदापेक्षा ३ टक्के जास्त. ते वारा नसल्याचे, माझ्या हुशारीचे नव्हेत.

परतीला ग्लेनवूडऐवजी दक्षिणेकडून, यूएस-५० ने यायचं मनात आहे. गनिसनहून मोनार्क पास, ११,३१२ फूट, आणि उतरल्यावर सलायडा. सलायना आणि सलायडा यांत माझा नेव्हिगेशनवाला बोबडा आवाज आधीच घोटाळा करतो. ट्रेलरसकट मोनार्क कुणी चढलंय का? मला टक्के नकोत, ते मी काढीन. सलायडाला ट्रेलर न सोडता उभं राहता येतं का, आणि गनिसनला रात्री ५० अँपचं सॉकेट कुठे मिळतं, एवढं कळलं तर कागद पुरा होईल.