रोही आडवा आला तर: रात्रीचा रस्ता, फुटलेलं रेडिएटर आणि क्लेमचं गणित

आमच्याकडे नागपूर-यवतमाळ रोडने रात्रीबेरात्री येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे रोह्याचा एक तरी किस्सा असतोच, आणि त्याच्याकडे नसला तर त्याच्या साळ्याकडे असतो. (बाहेरच्यांसाठी, रोही म्हणजे नीलगाय.) रस्ता चौपदरी झाल्यापासून देवळी-कळंबच्या पट्ट्यात गाड्या शंभरच्या खाली यायला तयार नसतात, पण रस्ता बदलला तरी दोन्ही बाजूंची तूर, कपाशी, हरभरा तिथंच आहे आणि त्यात चरणारी जनावरंपण तिथंच आहेत. पेंचमधून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेवर जनावरांसाठी रस्ता उचलून खालून वाट सोडलीय आणि तिथल्या कॅमेऱ्यात वाघसुद्धा त्या वाटेनं जाताना सापडलेत. भारी काम आहे ते. पण शेताशेतातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला असं काही मिळणार नाही, त्यामुळे जे करायचं ते आपल्याच पायाने, म्हणजे ब्रेकवरच्या पायाने करायचंय.

हिवाळ्यात हरभरा वर आला की शेतकरी रात्री जागलीला असतात. शेतात टॉर्च फिरताना दिसली, हाळ्या ऐकू आल्या, डबा वाजवल्याचा आवाज आला की समजून जायचं की कळप हाकलणं चालूय, आणि हाकललेला कळप कुठं जाईल तर बरेचदा रस्त्याच्या पलीकडच्या शेतात. आपण काचा लावून गाणी ऐकत असतो म्हणून आवाज येत नाही, पण ती नाचणारी टॉर्च तर दिसते ना. मी तेव्हा सरळ पन्नासवर येतो, मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे. आणि एक रोही गेला म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, त्याच्यामागे अजून दोन-तीन असतातच आणि धडक बहुतेक त्या मागच्यालाच बसते.

रोही उंच असतो, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो. बंपर लागतो त्याच्या पायाला आणि धड येतं बॉनेटवरून थेट काचेवर, म्हणून रोह्याची धडक माणसाच्या जिवावर येते. रानडुक्कर उलटं, ठेंगणं आणि भरीव, ते बंपर फोडून रेडिएटरमध्ये घुसतं नाहीतर खाली जातं. शिवाय रोह्याचे डोळे लाइटमध्ये चमकतात, डुकराचे चमकतच नाहीत, त्यामुळे ते दिसतं तेव्हा जवळपास लागलेलंच असतं. म्हशींचं अजून वेगळं, पावसाळ्यात कोरड्या डांबरावर तोंड पलीकडं करून बसलेली काळी म्हैस अंधारात दिसणार कशी, तुम्हीच सांगा.

आता थोडा हिशोब. लो बीमवर पुढचं नीट दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटर. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, मेंदूतून पायापर्यंत निरोप जायला एक सेकंद धरा, मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला अजून पस्तीसेक मीटर, म्हणजे झाले ५७. थोडक्यात, दिसलं तरी थांबत नाही. ६० ला हेच सगळं ३७ मीटरमध्ये आटोपतं. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, तिथं हाच आकडा ११० च्या पुढे जातो. म्हणून समोर गाडी नसेल तर हाय बीम, असेल तर वेग कमी, तिसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. सरळ राहून पूर्ण ब्रेक दाबा, एबीएसवाल्या गाडीत पायाखाली खडखड होते तरी पाय काढायचा नाही. जनावर वाचवायला गाडी वळवली आणि ट्रकखाली किंवा डिव्हायडरवर गेली असे प्रकार आमच्या भागात इतके ऐकलेत की आता मी कोणी शेजारी बसलं तरी हेच सांगत बसतो.

आता विम्याचा क्लेम. माझ्या भाऊजींच्या गाडीला कळंबच्या अलीकडे डुक्कर लागलं. कोणाला काही झालं नाही, बंपर लोंबत होता, खालून हिरवं पाणी टपकत होतं. तिथंच थांबून फोन करायचा तर भाऊजी म्हणाले पुढं ढाबा आहे, तिथवर नेऊ, अंधारात बायकापोरांना घेऊन कुठं थांबता. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, रात्री अकराला कोणीही हेच करेल. पण ते हिरवं पाणी म्हणजे कूलंट, ते संपलं, टेंपरेचरचा काटा वर गेला, आणि ढाब्याच्या आधीच इंजिन बसलं. विमा कंपनीने बंपर, रेडिएटर, हेडलाइट सगळं मान्य केलं, इंजिन मात्र नाकारलं. का, तर ते धडकेनं गेलं नाही, धडकेनंतर गाडी चालवल्यानं गेलं. नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर काही वाईट माणूस नव्हता, त्यानं शांतपणे समजावून सांगितलं, पण इंजिनचं बिल भाऊजींनी भरलं.

तर खालून काहीही टपकत असेल तर चावी काढा. माणसं गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेला, बॅरियरच्या पलीकडे उभी करा, पार्किंग लाइट चालू, नॅशनल हायवे असेल तर १०३३ ला फोन, टोइंग येतं. मग फोटो. लांबून असा एक की नंबरप्लेट, रस्ता आणि जनावर एकत्र येतील, मग जवळून. ग्रिलमध्ये केस अडकलेले असतात, रक्त असतं, ते पुसायचं नाही, घरी नेऊन गाडी धुवायची तर अजिबात नाही, तोच तुमचा पुरावा आहे. त्याच रात्री कंपनीच्या टोल-फ्रीवर कळवून क्लेम नंबर घ्या आणि सर्व्हे होईपर्यंत ओळखीच्या मिस्त्रीला बंपर खोलू देऊ नका, तो कितीही म्हणो "काही नाही होत भाऊ". नुसतं जनावर लागलं असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत, पण नुकसान मोठं असेल तर जवळच्या ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद करून घेतलेली बरी.

हे सगळं कधी, तर पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी असेल तेव्हा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. आणि झिरो डेप (पार्ट जुना झाला म्हणून पैसे न कापण्याची जादा सोय) नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिक पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि जनावराच्या धडकेत पुढचं फुटतं ते बहुतेक प्लॅस्टिकच असतं!

जंगली जनावर जखमी असेल तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर कळवा. मेलेलं डुक्कर कोणी उचलून न्यायला बघत असेल तर त्यातही पडू नका, मेलेलं वन्य जनावर कायद्यानं सरकारचं असतं. गायबैल असेल तर १९६२ वर जनावरांच्या डॉक्टरची गाडी मागवता येते. पाळीव जनावराचा मालक असतो आणि मालकाबरोबर पाच मिनिटांत अर्धं गाव असतं. तिथं आवाज चढवायचा नाही, पण "माझी चूक, मी एवढे देतो" असं कागदावर लिहूनही द्यायचं नाही, कंपनीला न विचारता अशी कबुली देऊ नये ही पॉलिसीतलीच अट आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान थर्ड पार्टीत येतं आणि जनावर ही मालमत्ताच. वातावरण तापतंय वाटलं तर ११२ लावा.

शेवटचा मुद्दा, ज्यात लोक कंपनीला शिव्या देतात पण दोष कंपनीचा नसतो. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस वजा करण्याआधी १२,००० आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचे ६,००० गेले, आणि परत ५० वर यायला २०, २५, ३५, ४५ असं वर्षावर्षानं चढावं लागतं. सगळी बेरीज केली तर जाणारे पैसे दहा हजाराच्या पुढे निघतात, वर हजार-दोन हजार तर तसेही कंपनी क्लेममधून कापते. म्हणून फॉग लॅम्प फुटला, बंपरला तडा गेला एवढ्यावर क्लेम करू नका, खिशातून भरा. मागच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या गाडीखाली कुत्रं आलं, बिल साडेचार हजार. सर्व्हिस सेंटरवाला स्वतःहून म्हणत होता क्लेम टाकून देऊ, भाऊजी म्हणाले राहू दे, कार्ड घे.