लाल अक्षरांतली उत्तरं

सकाळी साडेनऊला सरांचा फोन. "अगं, माझ्या तोंडी काय घातलंयस तू? खताची गोळी आठवड्याने खोचली तरी चालते, हे मी कधी म्हटलं?"

आमच्या संस्थेच्या भातशेतीच्या ईमेल ग्रुपवरची जुनी चर्चा मी पुस्तिकेसाठी लावत होते. पहिला महिना नुसती झाडलोट. वर एक शब्द, 'सहमत', आणि खाली आधीच्या अकरा मेल्सचं शेपूट. चारसूत्री लागवडीवरची, म्हणजे भात लावायच्या चार सूत्रांच्या पद्धतीवरची, सगळ्यात कसदार चर्चा सापडली 'रविवारची मीटिंग रद्द' या विषयाखाली! कुणीतरी त्याच मेलला रिप्लाय करून प्रश्न विचारला, मग बाकीचेही तिथेच बोलत बसले. मी शेपटं कापली, विषय नव्याने घातले, स्वतःवरच खूश होते.

सरांची मूळ मेल उघडली. पहिलीच ओळ: 'माझी उत्तरं खाली लाल अक्षरांत दिली आहेत.' मी तर सगळा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढलेला. लाल उडालं आणि शेतकऱ्याचं वाक्य नि सरांचं उत्तर एका परिच्छेदात मिसळलं: 'गोळी आठवड्याने खोचली तरी चालते. लावणीच्याच दिवशी, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल.' युरिया-डीएपी खताच्या गोळीबद्दल एकाच तोंडी दोन सल्ले.

नशीब, अशा मेलमध्ये बहुधा मजकुराच्या दोन प्रती असतात, एक साधी आणि एक एचटीएमएल. रंग दुसरीत असतो. मजकूर काढणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, पहिलीच उचलत होती. ती बदलली, लाल दिसेल तिथे सरांचं नाव घातलं. दुपारी कळलं की एका गृहस्थांनी सरांच्या लालमध्ये निळ्याने उत्तरं दिलीत, आणि त्यावर आणखी कुणी हिरव्याने. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत रंगपंचमी.

दोन मेल्सची मात्र साधीच प्रत उरली होती. त्या सरांना फोनवर वाचून दाखवल्या. पहिली त्यांनी लगेच सोडवली. दुसरीतल्या एका वाक्याशी बराच वेळ थांबले.

"विचार माझाच आहे गं. पण मी 'तण' लिहितो, 'रान' नाही लिहीत."

मी ते वाक्य ठेवलं. नावाच्या जागी लिहिलं: लिहिणारा कळत नाही.