खाऱ्या पाण्यावरचा गहू

लुआंती या ठोकळ्यांचं जग असलेल्या संगणकावरच्या खेळात समुद्राला खेटून शेत करता येतं. कुदळ मारून माती मोकळी करायची, बी टाकायचं आणि वाट बघायची. तीन ठोकळ्यांच्या आत कुठंही पाणी असलं की माती ओली होते. पाणी कुठलं, याची चौकशी ती करत नाही. नदीचं असो नाहीतर भर समुद्राचं, गहू वर येतो, पिवळा होतो आणि कापून घरात नेता येतो.

हा खेळ २०१० साली फिनलंडमध्ये पेर्टू अहोला यांनी सुरू केला. बाल्टिक समुद्राचं पाणी मुळातच बेताचं खारं, त्यामुळे तिकडच्या कुणाला यात काही वावगं वाटलं नसेल, अशी मी आपली समजूत काढली. पण गोव्यातल्या माशेलच्या माणसानं हे कसं गिळावं? इथं कुंभारजुव्याच्या कालव्यातून दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं. ते भातात शिरू नये म्हणून पोर्तुगीज यायच्याही आधीपासून लोकांनी मातीचे बांध घातले, त्यांत मानशी, म्हणजे पाण्याची दारं, बसवल्या आणि त्या राखल्या. बांध फुटला की पुढची काही वर्षं त्या खाजनाकडे, म्हणजे बांधाआडच्या शेताकडे, बघवत नाही, हे शेती कधी न केलेल्यालाही इथं ठाऊक असतं. समुद्राच्या कडेला डोलणारा गहू बघून माझ्या भाच्यानं खेळ थांबवला आणि म्हणाला, "मामा, हे खोटं आहे."

खेळच तो, खोटा असणारच, असं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण पोराची तक्रार रास्त होती. झाड बुंध्यातून तोडलं तरी वरचा भाग हवेत तरंगत राहतो, ते त्यानं कधीच मान्य करून टाकलं होतं. शेती मात्र त्याला चुकीची चालेना.

याच जातीचं माइनक्राफ्ट घरोघरी पोचलं आहे, त्यामुळे ठोकळ्यांचं जग म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ते २००९ साली लोकांपुढे आलं, २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलर मोजून त्याच्या कंपनीसकट विकत घेतलं. त्यालाही मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी लिहून वरून जोडलेल्या भरी, आहेत, हजारोंनी. त्यातले खेळ हलका चालवणाऱ्या लिथियमसारखे काही मुक्त स्रोताचे, म्हणजे कुणालाही कोड बघता-बदलता येईल असे, आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी त्यांचे उपकार मानावेत. मूळ खेळ मात्र मालकीचा. लुआंतीचं, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंत ज्याला माइनटेस्ट म्हणायचे त्याचं, तसं नाही. त्याचं इंजिन मुक्त, फुकट, आणि वर खेळ म्हणून जे दिसतं ते सगळं मॉडांचंच गाठोडं. शेती हे एक मॉड, दारं हे दुसरं, पलंग हे तिसरं. घराला दार नको असेल तर दाराचं मॉड काढून टाका, कुणी विचारायला येणार नाही.

मॉडची व्याख्या मला विचाराल तर, मॉड म्हणजे कुणाची तरी कुरकुर. कुणाला तरी काही खटकलं आणि त्याला गप्प बसवेना. खेळात भात नाही, म्हणून कुणी भात आणला. तारा, बटणं आणि आपोआप उघडणारी दारं नाहीत, म्हणून कुणी मेसेकॉन्स लिहिलं. आता गोव्यात कुरकुर करणाऱ्यांची काही वाण नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा लहान झाला, बांगडा परवडेनासा झाला, भाड्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला. सकाळच्या चहाला एवढं पुरतं. पण त्या कुरकुरीचं पुढं काही होत नाही. कप विसळून ठेवला की ती संपते. मुक्त मॉडातली कुरकुर लिहून ठेवलेली असते, आणि दुसऱ्याला ती वाचता येते, पुढं वाढवता येते, नाहीतर तिच्यावरच कुरकुर करता येते.

तर आम्ही शेतीची फाईल उघडली. साधी मजकुराची फाईल, कुठल्याही नोटपॅडात उघडणारी. भाषा लुआ, १९९३ साली रिओ दि जानेरोतल्या विद्यापीठात जन्मलेली. काजूही ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आणला आणि आमच्या डोंगरांवर असा माजला की तो आमचाच वाटतो. तेव्हा तिकडून आलेलं काही गोव्यात रुजायला हरकत नसावी. भाच्याला लुआ येत नव्हती. तरी पाणी शोधणारी ओळ त्याला सापडली, कारण लिहिणाऱ्या शहाण्यानं वर टीप ठेवली होती: जवळ पाणी आहे का पाहा. खाली तीनचा आकडा आणि त्यापुढं 'ग्रुप वॉटर'. या गटात समुद्र आणि नदी दोन्ही येतात. गंमत म्हणजे नदीच्या पाण्याचा ठोकळा या खेळात आधीपासून वेगळा आहे. फरक होताच, शेतीनं तो मनावर घेतला नव्हता. गटाच्या जागी नदीच्या पाण्याचं नाव घातलं, फाईल सेव्ह केली, खेळ पुन्हा चालू केला. थोड्या वेळात समुद्राकाठची काळपट ओली माती फिकी पडली आणि वरचा गहू होता तिथंच अडला.

एका ओळीचं काम. पण पोरगा ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता, त्यावरून पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आला.

पुढची कुरकुर पावसाची. मूळ खेळात हवामानाचं मॉड आहे, पण ते ढगांची दाटी कमीजास्त करण्यापलीकडं जात नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलुखात नुसते ढग कोण सहन करील? पाऊस पाडणारी मॉड आयती मिळतात, ती घेतली, विषय संपला. (पावसात वीज जात नाही हा त्यांचा दोष मी काढला, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.)

चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या दगडाला, मात्र वेळ लागला. खेळात दगड आहे, वाळूचा दगड आहे, विटा आहेत, जांभा नाही. म्हणजे आमच्याकडचं घर, कुंपण, विहीर, देवळाची पायरी, काहीच बांधता येत नाही. ठोकळ्याच्या एका बाजूचं चित्र सोळा बाय सोळा ठिपक्यांचं, एकूण २५६. एवढ्यात चिरा बसवायचा. पहिल्या चित्रात सपाट तांबडा रंग आला आणि ते शाळेच्या इमारतीसारखं दिसायला लागलं. मग भाचा उठून परसातल्या गडग्याजवळ जाऊन बसला. चिरा एकरंगी नसतोच. तांबड्यात पिवळट भोकं असतात, त्या भोकांच्या तळाशी जांभळट काळं, पावसाची बाजू असेल तर शेवाळाचा हिरवा ओघळ, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात मातीचा फिका पट्टा. त्यानं फोटो काढला, त्यातून सात रंग उचलले आणि ठिपका ठिपका करून बसवले. भोकं सारख्या अंतरावर आली तर भिंत बांधल्यावर पट्टे दिसतात, हे त्याला भिंत बांधल्यावर कळलं. मग ती मुद्दाम वेडीवाकडी केली. शेवाळाचा ठोकळा वेगळा ठेवला, नाहीतर घराच्या आतल्या भिंतींवरही शेवाळ. त्यापाठोपाठ शिंपल्यांची खिडकी आली. तिच्यातून उजेड यावा पण पलीकडचं दिसू नये, असं त्याला हवं होतं. इंजिनात उजेड आत सोडण्याची एक ओळ आहे आणि चित्र अर्धपारदर्शक करण्याची दुसरी. पहिली घेतली, दुसरी सोडली. ताईनं ती खिडकी पडद्यावर बघितली आणि आमच्या जुन्या घराच्या खिडक्या काढून सरकत्या काचा कुणी लावल्या, हा विषय पुन्हा निघाला. तो इथं नको.

मध्येच एक हिशेब सांगतो. लुआंतीचं एक जग मध्यापासून चारही दिशांना जवळजवळ ३१ हजार ठोकळे जातं, आणि ठोकळा एक मीटरचा धरतात. म्हणजे साधारण ३,८०० चौरस किलोमीटर. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबानं अख्खा गोवा मावतो आणि वर थोडी जागा उरते, उत्तर-दक्षिण लांबीला मात्र जग कमी पडतं. तरी भाच्यानं पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं बांधायचं ठरवलं. मी त्याला आधी मानस बांध म्हटलं.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं ते मिटतं, ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं आणि शेतातलं जादा पाणी बाहेर जातं. चावी नाही, मोटर नाही. खेळात अडचण अशी की भरती-ओहोटीच नाही. पाणी एका पातळीवर, बारमाही. भाच्यानं गणित केलं: एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, खेळातला अख्खा दिवस २० मिनिटांचा, म्हणजे दर १० मिनिटं २१ सेकंदांनी भरती. आमच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी दोनेक मीटर चढतं, म्हणजे दोन ठोकळे. हिशेब चोख होता, पाणी ऐकेना. दोन बाजूंना पाण्याचे मूळ ठोकळे असले की मधली रिकामी जागा हे पाणी स्वतःच भरून काढतं. वरचा थर काढून ओहोटी आणावी, तर ते कडेकडेनं पुन्हा आत सरकायचं. शेवटी समुद्रापासून तोडलेली एक लहान खाडी खणली, तिच्यासाठी पाण्याचा नवा ठोकळा केला आणि त्याला 'स्वतःहून वाढू नको' असं सांगणारी ओळ लिहिली. साऱ्या समुद्राला भरती आणण्याचा विचार संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकून सोडून दिला.

दार बसलं. आत-बाहेरच्या पातळ्या मोजून उघडायला-मिटायला लागलं. भाच्यानं शेजारच्या काकांना बोलावून आणलं. त्यांचा जन्म खाजनात गेला आहे, आणि संगणकाशी त्यांचा संबंध विजेचं बिल भरून घेण्यापुरता. चष्मा सारखा करून ते एक भरती आणि एक ओहोटी होईपर्यंत काही बोलले नाहीत.

"दार आतल्या अंगाला लावलंस रे," ते म्हणाले.

"पण काका, उघडतंय ना बरोबर?"

"उघडतंय, कारण तू त्याला उघड म्हणून सांगतोस. पाण्यानं उघडायचं तर दार नदीच्या अंगाला हवं. भरती बाहेरून रेटणार, तेव्हा ते चौकटीवर टेकायला नको? आत लावलंस तर भरती ते ढकलून सरळ भातात जाईल." मग जरा वेळानं, "आणि पोंय कुठं आहे? आतलं पाणी साठणार कुठं? मानशीच्या तोंडाला जाळं नाही. मग मासळी कोण धरणार, आणि लिलाव कसला करणार?"

कोडच्या दृष्टीनं दार कुठल्या अंगाला आहे याला काडीचंही महत्त्व नव्हतं. भाच्यानं ते तरी फिरवलं. पोंय खणली. जाळ्याचं काम सध्या चालू आहे. लिलावासाठी निदान दुसरा खेळाडू लागेल.

हे सगळं आता एका फोल्डरात आहे. मॉड वाटायचं तर परवाना लिहावा लागतो, त्यावर आमच्या घरात दोन तट पडले. मी म्हटलं एमआयटी लाव: नाव राखा आणि काय वाटेल ते करा. भाचा म्हणाला जीपीएल: बदल करून वाटलंत तर तुमचाही कोड तसाच उघडा ठेवा. त्याचं म्हणणं असं की उद्या कुणी त्याच्या मानशीत चांगली सुधारणा केली तर ती त्याला बघायला मिळाली पाहिजे. मॉड त्याचं, परवाना त्याचा. मला या लोकांच्या रीतीभातीतलं आवडतं ते वेगळंच. माइनटेस्टचं लुआंती झालं, कोडमध्ये जुन्या नावाच्या जागी 'कोर' लिहा असं सांगितलं गेलं, पण जुनं नावही चालू ठेवलं. वर्षांपूर्वी कुणी लिहून सोडून दिलेली मॉड त्यामुळे एका रात्रीत बंद पडली नाहीत. आमच्याकडे रस्त्याचं नाव बदललं की पोस्टमनसुद्धा चुकतो.

सध्याची कुरकुर मगरीची आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्या खेळात हव्यात, असं भाच्याचं म्हणणं. आणि फोंड्याकडच्या काही गावांत खाजनाच्या बांधावर मातीची मगर करून पुजतात, तेव्हा काकांचाही त्याला पाठिंबा. मगरीचं मॉड आयतं मिळालं, पण ती माणूस दिसला की धावून येते. पहिल्याच दिवशी तिनं भाच्याला पोंयीत ओढला. काका भडकले. इतकी वर्षं बांधावरून चालतोय, आमच्या मगरी असं करत नाहीत, म्हणाले. या प्राण्यांचा स्वभाव फाईलमध्ये एका शब्दात लिहिलेला असतो, मॉन्स्टर किंवा अ‍ॅनिमल. शब्द बदलायला सेकंदही लागत नाही. पण काकांना मगर शेळीसारखीही नको आहे. बांधावर ऊन खात पडलेली असावी, माणूस जवळ आला की सावकाश पाण्यात सरकावी, आणि कुत्रा दिसला तर मात्र थांबावी. यासाठी किती ओळी लागतील हे भाचा मोजतो आहे, आणि खेळात कुत्रा आणायचा कुठून, ते माझ्याकडे सोपवलं आहे.