ओंडका होता तिथे ठेवला

रविवारी लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टच्या जंगलात एक अनोळखी बाई मला बोलल्या आणि तीन दिवस झाले ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकते.

झालं असं, की वाटेच्या कडेला बर्चचा एक ओंडका पडला होता, हातभर लांब, पांढरी साल सुटत आलेली. कुंड्यांच्या मागे छान दिसेल म्हणून उचलला, पिशवीत घालणार तेवढ्यात मागून आवाज आला, "तो होता तिथे ठेवा प्लीज, त्यात कुणीतरी राहतंय." सत्तरीच्या बाई, हातात काठी. आवाज चढवला नव्हता तरी मला झोंबलं. पडलेलं, कुजलेलं लाकूड! आपल्याकडे असं लाकूड नेलं तर वाट मोकळी केली म्हणतात. आणि इथले लोक तरी काय करत होते, ह्याच जंगलात लाउटनचे गावकरी दर हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून सरपण नेत होते, तो त्यांचा जुना हक्कच होता, १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने तो गेला आणि त्या बदल्यात गावाला लॉपिंग हॉल (लॉपिंग म्हणजे फांद्या छाटणं) हे सभागृह मिळालं, १८८४ चा, अजून उभा आहे. हे सगळं मनातल्या मनात हं. तोंडाने फक्त सॉरी म्हणाले.

बाईंना बहुतेक कळलं. त्या मला दोन पावलं पुढे घेऊन गेल्या, तिथे हॉगवीड फुललं होतं, म्हणजे कोथिंबिरीच्याच कुळातलं, तसेच छत्रीसारखे पांढरे गुच्छ, फक्त कितीतरी मोठे. त्यावर मला दिसली गांधीलमाशी, मी मागे सरकले. ती गांधीलमाशी नव्हतीच! भुंगेरा होता. दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा, सडपातळ, खांद्यांशी रुंद आणि शेपटाकडे निमुळता, पिवळ्या पाठीवर काळे ठिपके आणि पट्टे, आणि मिशा केवढ्या लांब, त्यासुद्धा काळ्या-पिवळ्या. नांगी नाही, विष नाही, नुसता रंग बघूनच पक्षी लांब राहतात. शास्त्रीय नाव रुटपेला मॅक्युलाटा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ठिपकेवाला. परागकण खाण्यात इतका गुंग, की मी अगदी जवळ वाकले तरी हलला नाही.

लांब मिशा बघितल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो आपला भिरूड, आंब्याच्या खोडात शिरून आतून भुसा पाडणारा. कूळ एकच, त्यामुळे माझी भीती अगदीच चुकीची नव्हती. पण भिरूड जिवंत झाड पोखरतो, आणि ह्याची अळी फक्त मेलेलं, कुजायला लागलेलं लाकूड खाते, बर्च, हॉर्नबीम, ओक वगैरे. मादी सालीच्या फटीत अंडी घालते, पांढरी अळी दोन-तीन वर्षं आत अंधारात बोगदे करत राहते, मग वसंतात आतच कोष, आणि उन्हाळ्यात बाहेर. फुलांवरचं आयुष्य जेमतेम दोन ते चार आठवडे. म्हणजे आपण ज्याला भुंगेरा म्हणून बघतो ते त्याच्या आयुष्याचं शेवटचं टोक, बाकी सगळं त्या ओंडक्यात! आणि मी तो कुंड्यांमागे सुकायला ठेवणार होते.

बाई म्हणाल्या, १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडं पडली, तेव्हा जिथे तिथे साफसफाई केली आणि मग लक्षात आलं, की काही ठिकाणी पडलेलं तसंच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्यांना आपल्या देवराया सांगितल्या. वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, देवाचा कोप होतो, हा नियम कित्येक गावांनी कुठल्याही कायद्याशिवाय पाळला. हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच, आणि चढू दे. त्यांनी मात्र दोनदा विचारलं, "काडीसुद्धा नाही?" आणि मला फार बरं वाटलं. त्या देवरायांतल्या किती आता रस्त्याखाली गेल्या, ते मी सांगितलं नाही. परक्या माणसासमोर ते तोंडातून निघत नाही.

निघताना ओंडका परत ठेवला, तर बाई म्हणाल्या असा नाही, उलटा, ओली बाजू जमिनीकडे होती. वाकून फिरवला. सालीखालून थोडा भुसा हातावर सांडला.