पालथा त्रिकोण आणि उंदराचं फडकं

पहिलीतल्या मुलासमोर पुठ्ठ्याचा त्रिकोण टोक खाली करून ठेवा आणि ‘हे काय?’ असं विचारा. बरीच मुलं आधी तो फिरवून ‘सरळ’ करतात आणि मगच नाव सांगतात. सपाट बाजू खाली, टोक वर, तिन्ही बाजू जवळपास सारख्या, असा एकच त्रिकोण त्यांनी तक्त्यावर, अंकलिपीत आणि बालवाडीच्या भिंतीवर पाहिलेला असतो. मांजर आडवी पडली, उलटी लोळली तरी मूल तिला मांजरच म्हणतं, कारण मांजर त्याने सगळ्या बाजूंनी पाहिलेली असते. त्रिकोणाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

चित्रकथेचा खरा उपयोग इथे आहे. गोष्टीतली वस्तू पानोपानी फिरते, उलटी होते, कुणाच्या डोक्यावर चढते, आणि तरी ती तीच वस्तू आहे हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. त्रिकोणाची ओळख करून देणारं पुस्तक आणि त्रिकोणाला काम देणारं पुस्तक यांत म्हणूनच फार फरक आहे.

डच शिक्षक दांपत्य पिएर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ यांनी 1957 मध्ये उट्रेख्त विद्यापीठातल्या आपापल्या प्रबंधांत भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खाच्या अख्खा पाहतं. ‘दारासारखा दिसतो, म्हणून आयत.’ बाजू आणि कोपरे पाहून ठरवणं ही पुढची पायरी. नुसतं वय वाढल्याने मूल वरच्या पायरीवर जात नाही, हाताखालून किती आणि कसे आकार गेले यावर ते ठरतं. पाच वर्षांच्या मुलाकडून ‘तीन बाजूंनी बंद झालेली आकृती’ हे वाक्य घोकून घेऊन काहीच साधत नाही, ते याचमुळे.

पुस्तक विकत घेणार असाल तर दोन गोष्टी आधी पाहा. पहिली, आकारांना डोळे-तोंड काढलेलं आहे का? ‘मी त्रिकोण, माझी तीन टोकं’ असं बोलणारा चेहरा गोड दिसतो, पण चेहरा आला की वर कुठे आणि खाली कुठे हेही ठरून जातं. जी सवय मोडायची, तीच पक्की होते. दुसरी, रंग. त्रिकोण कायम लाल आणि चौरस कायम निळा असेल तर मूल रंग ओळखतं आणि आपण समजतो की आकार ओळखला.

त्यापेक्षा पुस्तक घरी किंवा शाळेत बनवणं बरं. एका संध्याकाळचं काम आहे. ए-फोरचे आठ जाड कागद आडवे धरून डावीकडे दोन भोकं पाडून दोरीने बांधा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून 12 सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा आणि तो कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. प्रत्येकाच्या आखूड बाजू 12 सेंटिमीटर आणि लांब बाजू साधारण 17 सेंटिमीटर येते. दोन्ही त्रिकोण वेगवेगळ्या साध्या रंगांचे हवेत आणि दोन्ही अंगांनी रंगवलेले हवेत, कारण मुलं ते पालथे घालणारच. हे तुकडे चिकटवायचे नाहीत. शेवटच्या पानामागे पाकीट चिकटवून त्यात सुटे ठेवायचे. खरं कापड वापरायचा मोह होतो, पण लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापली जाते, ती ताणते आणि चार हाताळण्यांत कोपरे गोल होतात. मग मूल कोपरा मोजणार कुठला?

गोष्ट साधी ठेवा. पहिल्या पानावर उंदराला रस्त्यात तिरकं पडलेलं फडकं सापडतं. दुसऱ्यावर ऊन आहे, म्हणून तो ते डोक्याला बांधतो: लांब बाजू वर, टोक खाली. तिसऱ्यावर पाऊस येतो आणि फडक्याचा तंबू होतो: लांब बाजू खाली, टोक वर. चौथ्यावर होडीचं शीड: एक आखूड बाजू डोलकाठीला उभी. पाचव्यावर जत्रेतली पताका: लांब बाजू काठीला उभी आणि टोक वाऱ्यावर आडवं. पहिल्या चार पानांवर फडक्याच्या जागी फिकट बाह्यरेषा काढा, मुलाने त्यावर सुटा तुकडा बसवायचा. पाचव्या पानावर रेषा नको, फक्त काठी आणि उंदीर. तिथे कळतं की मूल स्वतः फिरवून पाहतंय की नुसतं रेषेत भरतंय.

सहाव्या पानावर तसंच फडकं घेऊन दुसरा उंदीर येतो. सातव्यावर रात्र होते आणि दोघांना एकच पांघरूण करायचं असतं. आता बाजूला बाजू पूर्ण जुळवून दोन त्रिकोण जोडा. तीनच आकार होतात. लांब बाजूला लांब बाजू जोडली की चौरस. आखूड बाजूला आखूड जोडली की एकतर मोठा त्रिकोण (याची लांब बाजू 24 सेंटिमीटर भरते, आडव्या पानावर तो आरामात मावतो), नाहीतर कललेला समांतरभुज चौकोन. सातव्या पानावर मुलांना हवं तसं जोडू द्या. त्रिकोणी पांघरुणात शेपट्या बाहेर, कललेल्यात पाय बाहेर, हे चित्र मुलं स्वतःच रंगवून सांगतात. आठव्या पानावर चौरसाची बाह्यरेषा आहे आणि तिच्यात दोघे नीट मावतात.

इथे एक प्रश्न जरूर विचारा: ‘सगळ्यात जास्त कापड कुठल्या पांघरुणात लागलं?’ बहुतेक मुलं मोठ्या त्रिकोणाकडे बोट दाखवतात, कारण तो लांब पसरतो. उत्तर सांगू नका. तुकडे मोकळे करून पुन्हा चौरस करायला लावा. तेच दोन तुकडे, हे एखादं मूल मोठ्याने बोलून दाखवतं आणि बाकीची ऐकतात. कुणालाच पटलं नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा.

वाचण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी नुसती गोष्ट, एकही प्रश्न नाही. दर पानाला थांबून ‘हा कोणता आकार?’ विचारलं की गोष्ट मरते आणि तोंडी परीक्षा उरते. दुसऱ्या दिवशी चित्राबद्दल बोला: ‘टोक आता कुठे गेलं?’, ‘तंबू करायला त्याने फडकं कसं फिरवलं असेल?’ प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. लगेच उत्तर देणारी दोन-तीन मुलं सोडून इतरांना तेवढा वेळ लागतोच. सुटे तुकडे तिसऱ्या दिवशी काढा. आधी काढले तर हिसकाहिसकी होते आणि उंदीर बाजूला राहतो. सहा ते आठ मुलांच्या गटाला ए-फोर पुस्तक पुरतं. वर्गात तीस मुलं असतील तर पुस्तक दाखवू नका, जमिनीवर खडूने मोठी चित्रं काढा आणि त्याच त्रिकोणाच्या पाचपट, म्हणजे 60 सेंटिमीटर आखूड बाजूचे खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण वापरा. मुलांनी ते उचलून नेऊन ठेवायचे.

या पुस्तकात एक खोट आहे आणि ती दुसऱ्या पुस्तकाने भरून काढावी लागते. एकाच मापाचा त्रिकोण सारखा पाहून नवा साचा तयार होतो. म्हणून पुढच्या गोष्टीत लांब, चिंचोळे आणि एका बाजूला झुकलेले त्रिकोण यायला हवेत: बगळ्याची चोच, काटा, पतंगाची फाटकी चिंधी. चिंचोळा त्रिकोण पाहून मुलं ‘हा काटा आहे, त्रिकोण नाही’ म्हणतात. वाद न घालता त्यांना प्रत्येक कोपऱ्यावर एकेक चिंचोका ठेवायला सांगा.

आणि त्रिकोण नसलेले आकारही तितकेच हवेत. चतकोर भाकरी, पिझ्झाचा तुकडा आणि फुगीर समोसा हे पुस्तकांत सर्रास त्रिकोण म्हणून छापले जातात. चतकोरीची एक बाजू गोल आहे. तिला त्रिकोण म्हटलं की ‘बाजू सरळ हवी’ ही गोष्ट मुलाला कधीच दिसत नाही. उलट चतकोर आणि तेवढाच त्रिकोण शेजारी ठेवा, दोन्हींच्या कडेला पट्टी लावा आणि फट कुठे पडते ते पाहू द्या. बारा पुठ्ठे करा, सात त्रिकोण आणि पाच फसवे: चतकोर, एक टोक छाटलेला, एक बाजू उघडी राहिलेला, एक फुगीर, एक चार बाजूंचा पण टोकदार. वाटणी करताना मूल काय बोलतं ते टिपून ठेवा. ‘असा दिसतो म्हणून’ याच्या जागी ‘ही बाजू वाकडी आहे म्हणून’ आलं की मूल एक पायरी चढलं.

पालथ्या त्रिकोणासाठी आपल्याकडे एक तयार चित्रभाषा आहेच. डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रांत माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा पालथा आणि खालचा सुलटा. तारपा नाचाचं चित्र घ्या, तर एकाच पानावर वाकलेली, कललेली, फेर धरणारी डझनावारी धडं दिसतात आणि प्रत्येकात दोन त्रिकोण वेगळ्या बाजूला झुकलेले असतात. याच डहाणूच्या भागात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या आणि परिसरातल्या पानाफुलांतून, बियांतून आणि खड्यांतून शिकण्याची साधनं उभी केली. मुलांना धड काढायला शिकवताना आधी फुली मारायला सांगा, मग वरची दोन टोकं एका रेषेने आणि खालची दोन दुसऱ्या रेषेने जोडा. फुली मधोमध छेदली नाही तर एक त्रिकोण मोठा आणि एक लहान होतो. तो खोडायला लावू नका, ‘हा खांद्याने रुंद माणूस’ म्हणून गोष्टीत घ्या.

चौरसाची अडचण वेगळी. तो टोकावर उभा केला की मुलं त्याला ‘शंकरपाळी’ म्हणतात आणि आपणही हो म्हणतो. फरक दाखवायला उंदराच्या घराचं दार करा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, भोकापासून भोकापर्यंत प्रत्येकी 15 सेंटिमीटर, आणि कोपऱ्यांना जाड दोऱ्याच्या सैल गाठी मारा. गाठ घट्ट बसली तर पट्टी फिरत नाही आणि सगळा खेळ फुकट जातो. गोष्टीत वारा येतो, मूल दार कलवतं. आता ती खरी शंकरपाळी झाली: बाजू तेवढ्याच, कोपरे बदललेले. दार पुन्हा सरळ करून नुसतं टोकावर उभं करा. कोपरे तसेच आहेत. तपासायला वर्तमानपत्राचा तुकडा एकदा घडी घालून, घडीची कड त्याच कडेवर आणून पुन्हा घडी घाला. जो कोपरा मिळतो तो काटकोन. तो दाराच्या आत बसला तर चौरस, नाही बसला तर शंकरपाळी. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना भोकापासून भोकापर्यंत 21.2 सेंटिमीटरची तिरकी पट्टी बांधा. दार हलायचं थांबतं, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले आणि तीन पट्ट्यांचा त्रिकोण कलत नाही. पट्टी बरोबर 21 ची कापली तर दार किंचित कललेलं राहतं, पण सैल गाठीत ते खपून जातं. हाच खेळ टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी अनेक शाळांत पोहोचवला. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मात्र पट्ट्याच बऱ्या, बारीक नळीत काडी खुपसायला बोटांत जोर लागतो.

डावं-उजवं या गोष्टींतच सहज येतं, पण शिक्षक मुलांकडे तोंड करून पुस्तक धरतात तेव्हा शिक्षकाचा उजवा हात मुलांच्या डावीकडे असतो. म्हणून मुलांच्या रांगेत बसून वाचा. ‘उंदराच्या उजव्या हाताला’ हा प्रश्न दुसरीपर्यंत थांबू शकतो. त्याआधी आत, बाहेर, मागे, मधे, कडेला आणि टोकाला हे शब्द रोज कानावर पडू द्या.

सुटे त्रिकोण हरवतात, तेव्हा पुस्तकागणिक सहा कापून ठेवा. आणि मूल ‘उलटा त्रिकोण’ म्हणालं तर ते चूक धरू नका. उलटा असला तरी त्याने त्याला त्रिकोण म्हटलंय.